जास्तीत जास्त उशीर

लग्नपत्रिकेवर छापलेली वेळ खरी मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बारा पस्तीस म्हणजे त्यांच्या लेखी बारा पस्तीस. आमच्याकडे त्या वेळी नवरदेव अजून मारुतीच्या देवळापाशी असतो, त्याच्यापुढे डीजे, डीजेपुढे त्याचे मित्र, आणि मांडवात आचारी आणि खुर्च्या मांडणारे सोडले तर चिटपाखरू नसतं. मास्तर मात्र बारा तीसला स्टेजसमोर उभे असत, मूठ बंद, मुठीत अक्षता. घड्याळात पस्तीस झाले की ते नवरा-नवरीच्या दोन रिकाम्या खुर्च्यांवर अक्षता टाकत, हात जोडत आणि सायकलीवर टांग मारून घरी येत. जेवून जा म्हटलं तर म्हणत, "माह्यं काम झालं. आता जे लागन ते लगन नाही, कार्यक्रम हाय."

बीबी गावात यावरून त्यांची यथेच्छ टिंगल व्हायची, पण त्यांना पत्रिका द्यायला कोणी विसरत नसे. एका मुलीच्या बापाने मला गंभीरपणे सांगितलं होतं, "वरात तीन वाजता आली भाऊ, पन आपला मुहूर्त नाही चुकला. मास्तरनं टायमावर टाकल्या अक्षता." त्या मुलीचा संसार उत्तम चालला आहे, तेव्हा मास्तरांच्या पद्धतीत काहीतरी तथ्य असलंच पाहिजे.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. उमेदीच्या काळात ते पोरांना वायरमनचं काम शिकवायचे. ती नोकरी संपल्यावर बीबीच्या पुढे, रस्त्याला लागून असलेल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, विजेचा सगळा कारभार पाहू लागले आणि 'मास्तर' हे नाव त्यांच्याबरोबर तिथे आलं. मी त्या वेळी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. जिनिंगच्या मालकांनी आमची मोठी सिस्टीम घेतली होती, आणि 'तू तिकडचाच ना?' एवढ्या पात्रतेवर कंपनीने मला एका हंगामासाठी पाठवून दिलं. मी देऊळघाटचा. पुण्यातून नकाशा पाहिला की देऊळघाट आणि बीबी शेजारीशेजारी दिसतात. लोणारला राहून रोज एसटीच्या भरवशावर येणंजाणं जमलं नसतं, म्हणून मालकांनी माझी सोय मास्तरांच्या घरी, पुढच्या खोलीत लावली.

पहिल्याच संध्याकाळी मी "मला चहा चालेल" म्हणालो, तर मास्तरांनी आतल्या खोलीकडे तोंड करून काकूंना हाक दिली. "ऐकलं काय वं? देऊळघाटचं पोरगं, अन् 'मले' सोडून 'मला' म्हन्ते!" काकू आतूनच म्हणाल्या, "चार दिस पिठलं-भाकर खाल्ली का येईन ताळ्यावर." मी ताळ्यावर यायला आठ दिवस लागले.

त्यांच्या घराच्या दाराला आतल्या बाजूने खडूने एक यादी लिहिलेली असे. एसटी, सिलिंडर, लाईट, डॉक्टर, नळ. प्रत्येकापुढे एकच आकडा. मला वाटलं, या यायच्या वेळा असतील. तसं नव्हतं. लोणारची एसटी आजवर जास्तीत जास्त किती उशिरा आली, गेलेली लाईट जास्तीत जास्त किती तासांनी आली, एवढंच ते लिहीत. जुना विक्रम मोडला की आकडा पुसून नवा लिहायचा. आणि घरातलं सगळं त्या आकड्याच्या हिशेबाने चालायचं. लोणारला काही काम असलं तर सगळ्यांत उशिरा आलेली एसटी धरून ते निघत, त्यामुळे बहुतेक वेळा तासभर आधी पोचत आणि कचेरीच्या पायरीवर फुटाणे खात बसत. त्यांच्या खिशात फुटाणे असायचेच.

'साधारण', 'सहसा', 'सरासरी' हे तीन शब्द त्यांना शिवीसारखे लागत. समोरच्याने यातला एखादा शब्द वापरला की ते डाव्या कानात करंगळी घालत आणि त्याचं वाक्य संपेपर्यंत काढत नसत. मी एकदा वैतागून म्हटलं, "मास्तर, अहो सगळं जग सरासरीवर चालतं."

"सरासरीनं तं आपल्या आडालेबी बारा महिने पानी हाय," ते म्हणाले. "मे महिन्यात घागर घेऊन ये, मंग सांग."

अशा माणसाशी माझी गाठ ज्या कामावरून पडली, ते आधी सांगायला हवं. जिनिंगमध्ये कापूस माणसं वाहत नाहीत, वारा वाहतो. मोठा पंखा अंगणातल्या गंजीतून कापूस ओढतो आणि जाड पत्र्याच्या पाईपातून आत फेकतो. शेतातून आलेल्या कापसात कधी बारीक खडा असतो, कधी विळ्याचा तुकडा. तो पंख्याच्या पात्यावर आपटला की ठिणगी उडते. ठिणगी कापसात दडते, कापूस पाईपातून पळत मोठ्या खोलीतल्या ढिगावर जाऊन पडतो, आणि त्या ढिगापाशी दहा-बारा बाया काम करत असतात. त्यांच्यात सगळ्यांत जुन्या कमलबाई. जिनिंग जळाली म्हणजे काय होतं, हे त्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी पाहिलेलं होतं. त्यांच्या उजव्या दंडावरची कातडी त्याची साक्ष होती. आता सूनही त्यांच्याबरोबर त्याच खोलीत काम करायची.

यावर मास्तरांनी एक उपाय करून ठेवला होता. पंख्याच्या पुढे पाईपाला ठिणगी ओळखणारा डोळा, आणि पंधरा पावलं पुढे एक झडप. डोळ्याला ठिणगी दिसली की झडप उघडायची आणि पेटता बोळा ढिगावर जायच्या आधी बाहेर अंगणात फेकायची. डोळ्यापासून झडपेपर्यंत पोचायला कापसाला अर्धा सेकंदसुद्धा लागत नसे. हे सगळं चालवणारा प्रोग्राम नखाएवढ्या एका चिपमध्ये होता आणि ती चिप खाद्यतेलाच्या पाच लिटरच्या पत्र्याच्या डब्यात. डब्यावरचं सूर्यफूल अजून शाबूत होतं.

मी तो डबा पाहिला तेव्हा हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते, पण हसलो हे खरं.

मालकांची इच्छा सरळ होती. फाटकावर आलेल्या गाडीपासून तयार गाठीवरच्या लेबलापर्यंत सगळं एका स्क्रीनवर दिसावं, आणि झडपही त्यातच यावी. संक्रांतीनंतर पाहुणे बोलावून उद्घाटन ठरलं होतं. त्या दिवशी पाहुण्यांना सूर्यफुलाचा डबा दिसू नये, एवढी त्यांची अट होती. आमची सिस्टीम ज्या प्लॅटफॉर्मवर उभी होती तो जगभर मोठमोठ्या कचेऱ्यांत चालतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याला मेमरीची चिंता करावी लागत नाही. काय वापरात आहे आणि काय टाकाऊ झालं, हे प्लॅटफॉर्मच पाहतो आणि साफसफाई करतो. हजारो नोंदी, शेकडो माणसं, कुठे काही अडत नाही. मी मास्तरांना हे सगळं अभिमानाने ऐकवलं आणि शेवटी म्हटलं, "अहो, बँका चालतात याच्यावर."

"चालत असतीन," ते फुटाणे सोलत म्हणाले. "बँकेत पैसे आजच्या जागी उद्या जमा झाले तं बँक पेटते काय बे?"

"पण आमचा प्लॅटफॉर्म किती फास्ट आहे, माहीत आहे?"

"फास्ट नोको सांगू. जास्तीत जास्त किती उशीर करते, ते सांग."

हा प्रश्न मला पुण्यात कोणी कधी विचारलाच नव्हता.

मग त्यांनी परीक्षा ठेवली. खरी झडप डब्याकडेच ठेवून त्यांनी बाजूला दुसरा डोळा आणि एक सुटी झडप मांडली. त्या डोळ्यासमोर एक बारीक दिवा लावला, तो मनाला येईल तेव्हा लुकलुकायचा. ही सुटी झडप माझ्या सर्व्हरला जोडली. दिवा लागल्यापासून झडप हलेपर्यंत किती वेळ गेला हे डबा मोजायचा आणि दिवसभरातला फक्त सगळ्यांत मोठा आकडा लक्षात ठेवायचा. बाकीचे आकडे विसरून जायचा. मी म्हटलं, निदान सगळे लिहून तरी ठेवा, आलेख काढता येईल. ते म्हणाले, "ते काय भिंतीले लावाचे हायेत?"

पहिला दिवस छान गेला. दुसराही. डोळ्याची पापणी लवायच्या आत झडप उघडत होती. मी मालकांना निरोप दिला की काम झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाड्यांची रांग लागली, सगळ्या टेबलांवरून एकदम नोंदी सुरू झाल्या, आणि डब्यावरचा आकडा उडी मारून पावणेदोन सेकंदांवर गेला. तेवढ्या वेळात कापूस ढिगावर पडून वर आणखी कापूस आला असता.

कारण मला लगेच कळलं. प्लॅटफॉर्म त्या क्षणी आपली साफसफाई करत होता. टाकाऊ मेमरी गोळा करायची तर सगळ्यांना क्षणभर 'जागेवर थांबा' म्हणावं लागतं, आणि त्या सगळ्यांत झडपही आली.

"हजारात एकदा होतं हे, मास्तर," मी म्हटलं.

"ठिनग्या हजार येत नाहीत," ते म्हणाले. "एकच येते."

इथून माझा हट्ट सुरू झाला. मला आता ते काम करायचं नव्हतं, मला त्या म्हाताऱ्याला हरवायचं होतं. मी सर्व्हरची मेमरी दुप्पट केली. साफसफाई कमी वेळा व्हायला लागली, पण झाली की आधीपेक्षा जास्त वेळ चालायची. घर मोठं झालं की झाडायलाही वेळ लागतो, हे मला माहीत असायला हवं होतं. साफसफाई थोडी थोडी करणारी पद्धत लावली. आकडा खाली आला, तरी एखाद्या दिवशी वर जायचाच. वेळेची हमी देणाऱ्या अशाच प्लॅटफॉर्मच्या खास आवृत्त्या असतात, हे मी वाचलेलं होतं. पण त्यासाठी खालची ऑपरेटिंग सिस्टीमही तशीच हवी, आणि आमची सगळी सिस्टीम नव्याने लिहावी लागली असती. पुण्याला विचारलं तर साहेब म्हणाले, "ॲव्हरेज उत्तम आहे. सही कर आणि परत ये." कंपनीच्या पूर्णत्वाच्या कागदावर एक ओळ होती: झडप प्लॅटफॉर्मवर सुरू, जुनं उपकरण काढलं. तिच्याखाली माझी सही हवी होती. सहीशिवाय उद्घाटन नाही आणि उद्घाटनाशिवाय माझी सुटका नाही.

मास्तर रोज संध्याकाळी डब्याचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून माझ्या ताटाशेजारी ठेवत. ती चिठ्ठी मला टोमण्यापेक्षा जास्त लागायची.

एकदा जेवताना काकूंनी विचारलं की हे नेमकं भांडण काय आहे. मी त्यांना सांगितलं की माझी सिस्टीम कामाच्या मध्येच घर झाडायला घेते. काकू वाढता वाढता थांबल्या. "पंगत बसल्यावर कोनी झाडू मारते काय बाप्पा? झाडाचं तं पंगत बसाच्या आंधी झाडाव, नाही तं उठल्यावर झाडाव."

मी हातातली भाकरी तशीच ठेवून उठलो. उत्तर सापडलं होतं. जिनिंगमध्ये दुपारी एकला घंटा होते, सगळी यंत्रं बंद होतात आणि अर्धा तास जेवणाची सुट्टी. मी प्लॅटफॉर्मला हुकूम लावून दिला की रोज एक वाजून पाच मिनिटांनी सगळी साफसफाई एकदम उरकून घ्यायची आणि बाकी दिवसभर त्या वाटेला जायचं नाही. तेवढी मेमरी आता हाताशी होती. दुपारच्या त्या झाडलोटीला चांगले दोनेक सेकंद लागायचे, पण तेव्हा पाईपात कापूसच नसायचा. दहा दिवस डब्याचा आकडा जागचा हलला नाही.

अकराव्या दिवशी चिठ्ठीवर आकड्याखाली लिहिलेलं होतं, 'डोकं हाय.' मास्तरांकडून मिळालेलं हे माझं पहिलं प्रशस्तिपत्र. मी ती चिठ्ठी पाकिटात ठेवली आणि विचारलं, "मग काढायचा डबा?"

"दुपारी यंत्रं बंद नसली तं?"

"सहसा बंदच असतात," मी म्हणालो, आणि करंगळी कानात गेलेली पाहिल्यावर जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मालकांकडे गेले. मालक मोठे, जिनिंग त्यांची, पण मास्तर समोर उभे राहिले की ते खुर्चीतून अर्धवट उठत. "भाऊसाहेब, पाव्हने येत पर्यंत माह्या डबा बाजूले राहू द्या," मास्तर म्हणाले. "याचीबी तार राहीन, माहीबी तार राहीन. जो आंधी उघडीन तो उघडीन. कार्यक्रमाच्या दिशी म्या सोता काढतो." मालकांनी होकार दिला. मला तो अपमान वाटला, पण दिवस थोडेच उरले होते.

संक्रांत झाली आणि कापसाचा भाव जरा हलला. घराघरांत साठवून ठेवलेला कापूस एकदम बाहेर पडला. बीबीपासून जिनिंगपर्यंत ट्रॅक्टर आणि टेम्पो उभे. मालकांनी सकाळी मुकादमाला सांगितलं की आज यंत्रं थांबवायची नाहीत, बायांना दोन पाळ्यांत जेवू द्या. यात नवीन काही नव्हतं. माल अंगावर आला की इकडे प्रत्येक जिनिंगमध्ये असंच करतात. हे कोणी मला सांगितलं नाही, कारण हे कोणाला सांगावं लागतं असं तिथे कोणाच्या मनातही येत नाही. घंटा मात्र एक वाजता नेहमीसारखी झाली, कारण घंटा वाजवणाऱ्याचं ते काम होतं. मी ऑफिसात बसलो होतो. घंटा ऐकली, हात धुतले आणि काकूंनी दिलेलं भाजी-भाकरीचं फडकं सोडलं. यंत्रांची घरघर चालू होती. महिनाभरात ती इतकी अंगवळणी पडली होती की ती थांबली नाही, हे माझ्या कानांना कळलंच नाही.

पहिला घास तोंडात असताना झडपेचा ठोका ऐकू आला. धाडकन्. मी मान वर करतो तोच दुसरा ठोका झाला. मग कोणीतरी ओरडलं आणि मी दाराकडे धावलो. अंगणात माणूस मावेल एवढा कापसाचा बोळा जळत पडला होता आणि दोघं जण त्यावर बादल्या ओतत होते. मास्तर आगीकडे पाहतच नव्हते. ते झडपेखाली उभे राहून वर पाहत होते.

मी परत आत धावलो आणि स्क्रीन पाहिली. एक वाजून पाच मिनिटांच्या नोंदीपुढे हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: ठिणगी आढळली, झडप उघडली, कारवाई यशस्वी. तो दुसरा ठोका माझा होता. डब्याने झडप उघडून, आग बाहेर फेकून, झडप परत मिटली, आणि त्यानंतर माझ्या प्लॅटफॉर्मने आपलं झाडून झाल्यावर रिकामी वाट मोठ्या इमानदारीने उघडून दिली. शिवाय स्वतःला शाबासकीही दिली. डबा नसता तर ती हिरवी अक्षरं तशीच उमटली असती, आणि पलीकडे ढीग पेटलेला असता.

यंत्रं थांबवल्यावर बाया बाहेर येऊन सावलीला बसल्या होत्या. त्यांच्यातून कमलबाई उठून माझ्याकडे आल्या. पदराला कापसाची पिसं चिकटलेली.

"साहेब, तुमचं मशीन दुपारी झोपते म्हन्तात. खरं काय?"

"दोनच सेकंद झोपतं, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारायचं म्हणून त्या विचारत होत्या. "मंग तेवढ्या टायमाले आमी कुठी जाव?"

मी त्याच दुपारी पूर्णत्वाचा कागद भरायला घेतला. लिहिलं, की हा प्लॅटफॉर्म वजनं, गाठी, गाड्या आणि नोंदी यांसाठी उत्तम आहे, झडपेसाठी नाही. तो जास्तीत जास्त किती वेळ थांबेल हे मी लेखी देऊ शकत नाही, म्हणून झडप त्यावर चालवू नये आणि जुनं उपकरण काढू नये. खाली सही केली आणि फोटो काढून पुण्याला पाठवला. दहा मिनिटांत साहेबांचा फोन आला. "अरे, लॉगमध्ये कारवाई यशस्वी दिसतेय. तू आपल्याच विरुद्ध लिहितोयस, कळतंय का तुला?" मी म्हटलं, कळतंय. ते म्हणाले, "मग सोमवारी इकडे ये, बोलू." बोलू म्हणजे काय, हे नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मालकांना कागद दाखवला तर त्यांचं तोंड उतरलं. "म्हंजे माह्या स्क्रीनवर झडप दिसनार नाही काय?"

"दिसेल की," मी म्हणालो. "झडप डबा उघडेल. उघडून झाल्यावर तो सर्व्हरला सांगेल. उघडायला उशीर झालेला चालत नाही, सांगायला चार सेकंद उशीर झाला तर कोणाचं काय जळतं?"

मालक अंगणातल्या काळ्या डागापर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, "डब्यावरचं ते सूर्यफूल तेवढं रंगवून घ्या."

आता डबा सर्व्हरला जोडायचा म्हणून मी तो पहिल्यांदा उघडला, आणि संध्याकाळी घरी मास्तरांकडे प्रोग्रामची प्रत मागितली. प्रत नव्हती. काही भाग एका जुन्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने लिहिलेला, काही चिपमध्ये, आणि उरलेला त्यांच्या डोक्यात. मी जो भडकलो, तसा त्या घरात कधी कोणी त्यांच्यावर भडकलं नसेल.

"जगाला उशीर विचारत फिरता, मास्तर! हा डबा उद्या बिघडला आणि तुम्ही दवाखान्यात असलात, तर? तुम्ही जास्तीत जास्त किती दिवस आजारी पडाल? लिहा की दारावर!"

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मास्तरांनी फुटाण्यांचा हात खिशातून रिकामाच काढला. त्या दिवशी मला दिसलं की त्यांचं वय झालं आहे. ते म्हणाले, "हे म्या धरलंच नाही." आणि कॅलेंडर माझ्यासमोर पसरलं.

मी सोमवारी पुण्याला गेलो नाही. पुढच्याही गेलो नाही. आम्ही दोघांनी तो प्रोग्राम पहिल्यापासून लिहिला, ओळीओळीला काय आणि काऊन, म्हणजे का, ते मराठीत बाजूला लिहून. ते एखादी ओळ झाकून विचारायचे, "हे नसलं तं काय होईन?" मला सांगता आलं नाही तर त्या दिवशी पुढे जायचं नाही. माझं इंजिनीअरिंग खरं म्हणजे त्यांच्या घराच्या ओसरीवर झालं. मास्तर आज जालन्याला मुलीकडे असतात, गुडघ्यांनी त्रासलेत, आणि काकू फोनवर सांगतात की तिथल्या लिफ्टचा उशीर ते भिंतीवर लिहितात म्हणून मुलगी ओरडते.

नवा प्रोग्राम चिपमध्ये घालून, तीन दिवस दिवा लुकलुकवून झाल्यावर मास्तरांनी डब्याचं झाकण काढून माझ्या हातात दिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने त्यांचं नाव आणि फोन नंबर लिहिलेला होता. दुपारची वेळ. बाया कामावर परत येत होत्या आणि कमलबाई आमच्यापाशी येऊन थांबल्या होत्या.

"खाली तुह्यं लिही," मास्तर म्हणाले आणि रंगाचा ब्रश पुढे केला.

मी नाव आणि नंबर लिहिला. पुण्याची खोली, मित्र, महिन्याच्या महिन्याला येणारा पगार, हे सगळं आता सुटणार, हे ते लिहिताना डोक्यात होतं. नाही म्हटलं तर खोटं होईल.

"आता माह्यं खोड."

"काऊन?" मी म्हटलं. "राहू द्या दोघाईचंबी."

"दोघाईचं असलं का दोघंबी झोपतात बे," ते म्हणाले. "एकच नाव ठेव."

मी त्यांच्या नावावरून ब्रश फिरवला. मग कमलबाईंनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला, डोळ्यांजवळ नेला आणि झाकणावरचा एकेक आकडा पाहत बोटाने दाबला. माझ्या खिशात फोन वाजायला लागला. मी गोंधळून त्यांच्याकडे पाहत राहिलो.

"पाहता काय?" त्या म्हणाल्या. "उचला नं."